मदतनीसाला दिलेलं पाकीट

११ जून

टूर-मॅनेजर बाईंना,
नमस्कार.

काल तुमचा फोन आला आणि कळलं, की माझ्या लेखी जबाबामुळे तुमची नोकरी जायची वेळ आली आहे. म्हणून हे पत्र लिहिणं भाग पडलं. फोनवर मी "बघते" एवढंच म्हणून ठेवून दिला तो उद्धटपणा नव्हता. भावजय शेजारी भाजी निवडत होती. ती म्हणाली, "वन्सं, पाणी आणू का?" मला कोणी पाणी विचारण्याची वेळ चौतीस वर्षांच्या नोकरीत आली नव्हती.

काय झालं ते सगळं लिहून देते. चौकशीत दाखवा.

तुमच्या माहितीपत्रकात छापलं होतं, की ड्रायव्हरच्या टिपसाठी माणशी रोज दोन, तिकडच्या चलनात, सक्तीने द्यायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बसमध्ये उभी राहिले आणि तुमच्या हातातला माइक घेतला. "खुशीने द्यायचं ते बक्षीस. सक्तीने घेतात तो कर. आणि कर घेणाऱ्याने पावती द्यावी." मागच्या बाकांवरून टाळ्या पडल्या. आयुष्यभर ग्रंथालयात 'शांतता राखा' म्हणण्यात गेलं, टाळ्या कधी ऐकल्या नव्हत्या. डोक्यात गेल्या. त्याच दुपारी हॉटेलच्या बिलात सेवा-आकार आधीच लावलेला मला दिसला. लोकांनी टेबलावर ठेवलेली नाणी मी गोळा केली आणि ज्याची त्याला परत दिली. वेटर हातात चार थाळ्या घेऊन बघत उभा होता. त्याचा चेहरा मला अजून दिसतो.

त्यावर तुम्ही हात जोडून म्हणालात, "बाई, मग तुम्हीच गोळा करा. ज्याला जेवढी खुशी तेवढे." मी तो माझा विजय समजले. आता वाटतं, तुम्ही फक्त माझ्या तावडीतून सुटायला बघत होता.

गोळा मात्र मी नीट केले. आणि खुशीचं म्हणत म्हणत मी प्रत्येकाकडून बरोबर माहितीपत्रकातलाच आकडा वसूल केला, समोर सही घेऊन. तुमच्या यादीत छत्तीस प्रवासी, सह्या पस्तीस. शेवटच्या संध्याकाळी मी बसमध्ये सगळ्यांना सुनावलं, की आपल्यात एक चुकार आहे आणि त्याला लाज वाटली पाहिजे.

निघताना विमानतळावर बस फार वेळ थांबवायला मनाई होती, म्हणून ड्रायव्हर सीटवरून उठला नाही. सामानाच्या कप्प्याशी तुमचे मदतनीस उभे होते. मी विचार केला, ड्रायव्हर वरचा माणूस, तो सगळं गिळेल. पाकीट धाकट्याच्या हातात दिलं तर वाटणी सरळ होईल. स्वतःच्या न्यायबुद्धीवर मी इतकी खूश झाले की विमानात जेवण दोनदा मागितलं.

मग मे महिन्यात तुमच्या कंपनीने विचारलं, की ड्रायव्हरला काहीच मिळालं नाही म्हणतात, पैसे कुठे गेले? मी दोन प्रतींत लिहून दिलं: 'रक्कम टूर-मॅनेजरच्या मदतनीसाकडे सुपूर्द केली.' मदतनीस या शब्दाखाली लाल रेघ मारली.

आणि काल तुम्ही सांगता, "बाई, माझ्याबरोबर मदतनीस नव्हताच हो. ते पुढच्या सीटवरचे काका प्रवासी होते. पैसे भरून आलेले." तुमच्याच माणसाला गुपचूप बसमध्ये घालून तुम्ही टिप लाटलीत, असा कंपनीने अर्थ काढला आहे. आणि तो माझ्या लाल रेघेवरून काढला आहे.

माझ्या बचावात एवढंच. जो माणूस गडद निळं जाकीट घालून रोज सकाळी कप्प्याशी उभा राहतो, जड बॅगा खाली आणि हलक्या वर लावतो, प्रत्येक बॅगेवर खडूने नंबर टाकतो, आणि ड्रायव्हरच्या टेबलावर जेवतो, त्याला कोणी प्रवासी म्हणेल का? पहिल्या दिवशी सगळ्यांची ओळख करून दिलीत तेव्हा म्हणे त्यांनीही ओळख दिली. तेव्हा मी उलटीच्या गोळीने झोपले होते. मी प्रवासात झोपत नाही असं मी सर्वांना सांगत असते.

त्यांचा पत्ता पाठवा. फोन नंबर नको. असलं काही तोंडाने विचारायचं धैर्य माझ्यात नाही.

आपली,
ग्रंथपाल (निवृत्त)


१५ जून

बाईंना नमस्कार.

पत्ता सोबतच्या चिठ्ठीवर आहे. तो मी दिला हे कुठे बोलू नका. चौकशी होईपर्यंत प्रवाशांशी बोलायला मला मनाई आहे. तुम्हाला फोन केला तोही नियम मोडूनच.

काका पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेत. बॅगा वेड्यावाकड्या रचलेल्या त्यांना बघवत नाहीत. मी दोनदा म्हटलं, "काका, तुम्ही फिरायला आलात ना?" तर म्हणाले, "हेच माझं फिरणं." मागे बसलं की त्यांना गाडी लागते, आणि तिखट चालत नाही म्हणून ते आमच्या टेबलावर जेवायचे.

चौकशी २ जुलैला सकाळी अकराला. पुढच्या तीन सहली माझ्याकडून काढून घेतल्यात. घर माझ्या एकटीच्या पगारावर चालतं, हे तुम्हाला सांगायला नको होतं, पण सांगितलं. खरं तर मला त्या ड्रायव्हरचंच जास्त लागलंय. तुमचा चष्मा पेट्रोल पंपावर राहिला तेव्हा चाळीस किलोमीटर मागे गाडी नेली होती त्याने, स्वतःच्या विश्रांतीच्या तासात.

एक विनंती आहे. काका फार मानी आहेत. तुम्ही त्यांना सामानवाला समजलात हे पत्रात लिहू नका. पाकीट तेवढं मागा.

तुमची,
टूर-मॅनेजर


१८ जून

महोदय,

सहलीच्या शेवटच्या दिवशी विमानतळावर मी आपल्याला एक पाकीट दिलं. ते देण्यात माझी चूक झाली. ते मला परत हवं आहे.

आत काय आहे ते इथे लिहीत नाही. आपल्या घरी चार माणसं असतील, पत्र कोणाच्याही हाती पडू शकतं. २ जुलैच्या आत पाकीट पोचलं नाही, तर एका बाईचं नाव कायमचं खराब होईल. कृपया गैरसमज नसावा.

आपली,
ग्रंथपाल (निवृत्त), बॅग नंबर १९


२२ जून

ग्रंथपाल बाईंस सा. नमस्कार.

आपलं पत्र आलं. दोनदा वाचलं, मग फिरून आलो, मग पुन्हा वाचलं.

पाकीट मी उघडलेलं नाही. विमानतळावर आपण म्हणालात, "हे ठेवा. इथे उघडू नका. तुम्ही फार केलंत, आणि मी तोंडाने बोलून दाखवणाऱ्यांतली नाही." असं म्हणून आपण मागे न बघता चालत्या झालात. घरी आल्यावर उघडायला घेतलं, तर हात थांबला. बायको जाऊन नऊ वर्षं झाली. इतक्या वर्षांत मला हाताने लिहिलेलं काही आलेलं नाही. म्हटलं, आज नको, उद्या. असे दोन महिने गेले. सुनेने एकदा विचारलं, "बाबा, ती कोणाची पत्रिका आहे?" मी म्हटलं, "ऑफिसचं आहे." निवृत्त होऊन अकरा वर्षं झालेल्या माणसाचं कसलं ऑफिस! पण ती शहाणी आहे, चहा ठेवायला निघून गेली.

पार्सल ऑफिसात एकतीस वर्षं काढली, वजन हाताला कळतं. साठ ग्रॅमच्या आसपास आहे. म्हणजे दहा-बारा पानं तरी असावीत. एवढं मला कोणी लिहिलेलं नाही.

आपल्याला वाटेल मी उगाच अर्थ काढला. पण मी आधीपासून बघत होतो. पहिल्याच थांब्यावर स्वच्छतागृहाच्या दारात नाणं मागतात आणि माझ्याकडे सुटे नव्हते. परत येऊन मी ड्रायव्हरला सांगत होतो ते आपण ऐकलं असणार. दुसऱ्या सकाळपासून आपण बसमध्ये चढताना एक नाणं माझ्या हातात ठेवायला लागलात. एक शब्द न बोलता, दुसरीकडे बघत, म्हणजे मला ओशाळं वाटू नये. असं गवगवा न करता देणारं माणूस मी फार दिवसांनी पाहिलं.

मी टिपचे पैसे घेऊन आपल्याकडे आलो तर म्हणालात, "तुमच्याकडून कसले घ्यायचे!" आणि शेवटच्या संध्याकाळी आपण त्या चुकाराला झापलंत तेव्हा मी मनात म्हटलं, कोण असेल मेला, बाईंना एवढा त्रास देणारा.

आता आपला विचार बदलला असेल तर तो आपला अधिकार आहे. आपल्या नावाला बट्टा लागेल असं मी काही करणार नाही. पाकीट रजिस्टर टपालाने, लाखेची मोहोर लावून पाठवतो. फक्त त्याआधी एकदा वाचण्याची परवानगी मिळेल का? नाही म्हणालात तरी राग नाही.

आपला,
पुढच्या सीटवरचा


२५ जून

महोदय,

आपलं पत्र उभ्याने वाचायला घेतलं आणि बसून संपवलं. भावजयीने हातातून ओढून घेतलं. ती हसून हसून पलंगावर आडवी झाली. हसू नकोस म्हटलं तर तिने उशीत तोंड खुपसलं, तरी पलंग हलत होता. मग ती उठून बसली, डोळे पुसले आणि म्हणाली, "वन्सं, आता खरं लिहा. माणूस चांगला आहे." आपल्याला दुखवू नये म्हणून काही गोष्टी झाकून ठेवायचं मला सुचवण्यात आलं होतं. झाकून काय होतं ते दिसलंच. तेव्हा खरं लिहिते.

पाकिटात पत्र नाही. एक ओळसुद्धा नाही. ड्रायव्हरच्या टिपचे पैसे आहेत, पस्तीस माणसांचे, दहादहाच्या छप्पन्न नोटा. मी आपल्याला टूर कंपनीचा सामानवाला समजत होते. ड्रायव्हरला आणि आपल्याला मिळून ती रक्कम दिली, असं माझ्या डोक्यात होतं.

रोजचं नाणं बॅग उचलल्याबद्दल होतं. मी दुसरीकडे बघत होते, कारण टिप देताना समोरच्याच्या डोळ्यांत बघू नये, असं माझं एक शास्त्र होतं. स्वच्छतागृहाचं मी ऐकलंच नव्हतं. ऐकलं असतं तर आपल्याला सुटे जवळ बाळगण्यावर पाच मिनिटं सुनावलं असतं.

तो चुकार म्हणजे आपण. पैसे द्यायला आपण स्वतः आला होता, मीच परत पाठवलं, आणि मग तीस-पस्तीस लोकांसमोर आपल्याच पाठीमागे उभी राहून आपली लाज काढली.

आपण माझ्याबद्दल जे चांगलं लिहिलं आहे ते दुसऱ्या कोणा बाईचं आहे, चुकून माझ्या पत्त्यावर आलं. ग्रंथालयात कोणी पुस्तक एक दिवस उशिरा आणलं तर मी दंड सोडत नसे. एकदा एका मुलीने, आई आजारी होती म्हणून उशीर झाला, असं सांगितलं. मी तिला दंडाच्या पावतीवर लिहून दिलं, 'कारण ऐकले.' दंड घेतलाच. अशी मी आहे.

आता मुख्य गोष्ट. ज्या बाईचं नाव खराब होईल असं लिहिलं होतं ती मी नव्हे. ती आपली टूर-मॅनेजर. तिने खोटा मदतनीस आणून पैसे खाल्ले असं कंपनीला वाटतं आहे, आणि तसं वाटायला लावणारा कागद माझ्या सहीचा आहे. २ जुलैला अकरा वाजता चौकशी आहे. बंद पाकीट हा एकच पुरावा. तिची रोजीरोटी त्यावर अवलंबून आहे. पाठवा, ही विनंती. आजवर मी विनंती अर्जांवर फक्त शेरे मारले, केली ही पहिलीच.

माझ्या बॅगेवर आपण खडूने टाकलेला १९ अजून तसाच आहे. भावजय म्हणते, पुसून टाकू का? मी म्हटलं, राहू दे. कारण विचारू नये.

आपली,
ग्रंथपाल


२९ जून

महोदय,

उत्तर नाही. मी आपल्या जागी असते तर मीही दिलं नसतं, उलट पाकिटावर 'पत्ता सापडत नाही' असा शेरा मारून पत्र परत धाडलं असतं.

राग माझ्यावर काढा, तिच्यावर नको. पाकीट येवो न येवो, २ जुलैला मी स्वतः कंपनीच्या कार्यालयात जाते आहे. जबाब मागे घेणार, आणि एका सहप्रवाशाला मी आठ दिवस हमाल समजले हे सगळ्यांसमोर बोलून दाखवणार. मी आठव्या रांगेतून माइकवर बोलले होते, तेव्हा हेही मोठ्याने बोलता आलं पाहिजे. ड्रायव्हरचे पैसे माझ्या पेन्शनीतून भरेन. पण नोटा भरून तिच्यावरचा संशय जाणार नाही, हे मला कळतं.

ग्रंथपाल


१ जुलै

ग्रंथपाल बाईंस,

दोन्ही पत्रं मिळाली. हे टपालात टाकलं तर उद्या पोचणार नाही, म्हणून हातोहात देतो आहे. पाकीटही बरोबर आणतो. एकतीस वर्षं लोकांची पार्सलं सांभाळली, पण हे दुसऱ्याच्या हाती सोपवणार नाही.

उत्तराला उशीर झाला कारण दोन दिवस मी घरात कोणाशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी ते निळं जाकीट घालून आरशासमोर उभा राहिलो. सून दारातून बघत होती. मी विचारलं, "काय गं, हमाल दिसतो का मी?" ती म्हणाली, "बाबा, खरं सांगू? मीही बॅग दिली असती." मग आम्ही दोघं इतके हसलो की मुलगा अंघोळ अर्धी टाकून बाहेर आला.

हमाल समजलात याचा मला राग नाही. त्यांच्याबरोबरच आयुष्य गेलं, आणि त्यांनी मला त्यांच्यातला मानायला सहा वर्षं घेतली. आपण एका सकाळीत मानलंत. राग एकाच गोष्टीचा आला. दोन महिने जपलेली बारा पानं एका ओळीत गेली.

पण आपलं पंचवीस तारखेचं पत्र मोजलं, तर ते तीन पानं भरलं. तीनही हाताने लिहिलेली. आपली जी काही लाज आपण त्यात उघडी केलीत, तेवढी कोणी पाकीट बंद करूनही देत नाही. तेव्हा ते दुसऱ्या बाईचं वगैरे राहू द्या. पत्ता बरोबर होता.

उद्या आपण लगेच काही बोलू नका. आधी मी बोलेन, मग आपण. रचण्याचा माझा क्रम ठरलेला आहे, जड खाली, हलकं वर.

पुढच्या सीटवरचा


२ जुलै, टूर कंपनीचं कार्यालय, दुपारी सव्वाबारा

पोचपावती

हजर: कार्यालयप्रमुख, टूर-मॅनेजर, पुढच्या सीटवरचे प्रवासी, मी. लिहिणार मी, कारण पेन माझ्याकडे होतं आणि दुसऱ्याचं अक्षर मला चालत नाही.

१. पाकीट एक, हॉटेलचं, बंद. चिकटवलेल्या जागेवर माझी आडवी सही, अभंग. प्रवाशांनी ते टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "साहेब, मी मदतनीस. तिकिटाची पावती दाखवू का?" कार्यालयप्रमुखांनी सर्वांसमोर फोडलं. आत नोटा छप्पन्न, एकूण पाचशे साठ. टूर-मॅनेजरकडे सुपूर्द.

२. त्याच चलनात सोळा, प्रवाशांकडून, आठ दिवसांचे. छत्तिसावी सही यादीवर घेतली. 'चुकार' हा शब्द मी सर्वांसमोर मागे घेतला. आवाज माइकशिवाय पुरला. एकूण पाचशे शहात्तर.

३. माझा मे महिन्याचा जबाब, दोन्ही प्रती, परत घेतल्या. नवा जबाब दिला. त्यात कशाखालीही रेघ नाही.

४. काढून घेतलेल्या तीन सहली परत दिल्याचं लेखी पत्र, टूर-मॅनेजरला मिळालं. तिने ते दोनदा वाचलं. मग मला म्हणाली, "बाई, पुढच्या सहलीला याल?" मी म्हटलं, "माइक देऊ नका, मग येते."

५. ड्रायव्हरसाठी रक्कम ९ तारखेच्या सहलीत टूर-मॅनेजर स्वतःच्या हाताने देईल आणि सही आणेल. सोबत माझी चार ओळींची चिठ्ठी, चष्म्याबद्दल. ती अडीच महिने आधी द्यायला हवी होती.

६. नाणी दोन. सातपैकी पाच स्वच्छतागृहांत खर्च झाली, उरलेली प्रवाशांनी मला परत केली. मी घेतली नाहीत. त्यांच्याकडेच राहिली.

७. पत्र एक, १ जुलैचं, उघडं. प्रवाशांनी मला दिलं. मिळालं. जिन्यात वाचलं.

८. पाकीट एक, साधं, बंद. कार्यालयाच्या कोपऱ्यातल्या टेबलावर बसून लिहिलेलं. मी प्रवाशांना दिलं. त्यांनी हातावर तोललं आणि म्हणाले, "वीस ग्रॅम. चार पानं." बरोबर चारच आहेत. नोटा नाहीत, आधीच सांगितलं. यावेळी देताना समोर बघितलं. इथे उघडू नये.

देणार: ग्रंथपाल
घेणार: पुढच्या सीटवरचा. मिळालं. आजच उघडेन.